केला की केली

कारखान्याचा भोंगा झाला की शेजारच्या वालचंदनगरात माणसं कामाला लागायची, आणि नानी बोलायला लागली की आमच्या घरात. भोंगा निदान थोड्या वेळानं थांबायचा. नानी म्हणजे माझी चुलती, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची, नानांची, बायको. नाना कारखान्यात फिटर होते, बोलायचे कमी आणि तेही नटबोल्टाबद्दल. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं नानीच्या वाट्याला आलं होतं आणि तिनं ते मनापासून केलं. ती हुलग्याचे शेंगोळे वळायची तेव्हा हातापेक्षा तोंड जास्त चालायचं, आणि एखादी गोष्ट रंगात आली की शेंगोळा वळता वळता वीतभर लांब व्हायचा. आई चुलीपुढून म्हणायची, "अगं कलावती, शेंगोळा हाय त्यो, कासरा न्हाय." मग दोघी जावा इतक्या हसायच्या की ओसरीवर झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यावर जायचं. मी त्या हसण्यात वाढले. आजही कुठल्या गंभीर बैठकीत मला हसू फुटतं, लोक वळून बघतात, आणि मी मनात नानीला दोष देते.

ही नानी आमच्या गणातून पंचायत समितीवर निवडून आली, त्याचं तिला स्वतःलाच पहिल्यांदा हसू आलं. बाईमाणसाची जागा सुटली, त्यातही ती आमच्या समाजाची सुटली, आणि वस्तीतल्या थोरांनी समाजमंदिरात बसून ठरवलं की आवाज असलेलं माणूस पाहिजे. आवाज म्हटल्यावर दुसरं नाव कुणाला सुचणार? सरपंच आबा मराठा वाड्यातले, तेही म्हणाले, "ही इंदापुरात बोलली तर बारामतीत ऐकू जाईल." नानी निवडून आली, गुलालानं न्हाली, आणि पहिल्या सभेला गेली ती नानांच्या मागोमाग. त्या काळी रीतच तशी होती. निवडून बायका यायच्या आणि सभेत बोलायचे नवरे. हजेरी घेताना साहेब पुकारायचे, "सौ. कलावती नामदेव," आणि नाना म्हणायचे, "हजर." नानी शेजारी पदर सावरून बसायची, बशीत ओतलेला चहा प्यायची आणि घरी येऊन कोणत्या साहेबाच्या मिशीला कलप लावलाय ते सांगायची. आवाज म्हणून निवडून दिलेली बाई इंदापुरात गप्प आणि जन्माचा मुका माणूस तिच्या वतीनं हजर, असा तो कारभार होता.

आता आमच्या शाळेविषयी सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यापायी झाला. शाळा जिल्हा परिषदेची. ती गावात होती, पण तिचा धनी पुण्यात बसायचा, तिचा मुनीम इंदापुरात, आणि कौलं फुटली की पाणी मात्र आमच्या डोक्यावर पडायचं. गुरुजींचा पगार वरून यायचा, खडू वरून यायचे, बदलीचे हुकूमही वरूनच. खालून फक्त पोरं जायची. दोन खोल्या आणि चार वर्ग. एकीकडं मोठे गुरुजी पहिली आणि चौथी सांभाळायचे, दुसरीकडं बारामतीहून एसटीनं येणाऱ्या बाई दुसरी-तिसरी. गुरुजी पहिलीला अ गिरवायला लावून आम्हांला भागाकार शिकवायचे, त्यामुळे आमच्या वर्गात मध्येच कुणीतरी भागाकाराच्या उत्तराला "अननसातला अ" असं म्हणायचं. तरी तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जायचे, कारण आमचे पाढे पक्के होते आणि कविता आम्ही अशा ओरडून म्हणायचो की साहेबांना लवकर निघावंसं वाटायचं.

गुरुजींपाशी एक पेटी होती. सरकारच्या कुठल्याशा योजनेतून आलेली, हिरव्या रंगाची, पत्र्याची. तीत ढोलकी आहे, झांजा आहेत, पृथ्वीचा गोल आहे, असं आम्हांला नुसतं ऐकून माहीत होतं. वस्तू फुटली तर भरून द्यावी लागेल या धास्तीनं गुरुजींनी ती उघडलीच नव्हती. किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. आम्ही त्या पेटीवर बसून पाढे म्हणायचो, म्हणजे अक्षरशः पृथ्वीवर बसून.

आणि ही शाळा चौथीला संपायची. पाचवीला जायचं तर कालव्याच्या कडेनं, उसातून, पार पलीकडच्या मोठ्या गावाला जावं लागे. मुलगे जायचे. मुली चौथीनंतर घरी राहायच्या, कुणी भावंडं सांभाळायला, कुणी खुरपायला. माझी आई वाईट नव्हती, पण तिचं ठरलं होतं. "पाचवी गावात आली तर शीक बाई, पायजे तेवडी शीक. त्या उसातनं न्हाय पाठवायची तुला." माझ्या वडिलांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. मी चौथी पास झाले होते आणि माझं दप्तर खुंटीला लागलं होतं. गावाला पाचवी मिळणार, अशी बातमी वर्षभर उडत होती. एक विस्तार अधिकारी येऊन शाळेभोवती फिरूनही गेले होते. मी रोज नानीला विचारायची, "नानी, माझी पाचवी आली का?" आणि नानी म्हणायची, "निघालीया, एसटीत बसलीया."

जून उजाडला, शाळा उघडली आणि नेमक्या सभेच्या आदल्या दिवशी नानांना केसतूड झालं. कुठं झालं ते सांगायला नको, पण नानांना बसता येईना. एसटीच्या बाकाचं नाव काढलं तरी ते कळवळायचे. पालथे झोपून ते म्हणाले, "या येळंला सभा राहू दे." नानी म्हणाली, "केसतूड तुमाला झालंया, सदस्य म्या हाय." असं म्हणून तिनं इरकली लुगडं काढलं, कपाळभर कुंकू लावलं आणि पहिल्यांदा एकटी इंदापूरच्या गाडीत चढली. नाना खिडकीतून पालथ्या मानेनं बघत राहिले.

संध्याकाळी गाडी फाट्यावर थांबली आणि ती थांबायच्या आतच नानीचा आवाज वस्तीत पोचला. "पाचवीचा वर्ग केला! आगं ए मंगल, पाचवीचा वर्ग केला!" हातात पेढ्यांचा पुडा, तोही अर्धा रिकामा, कारण तिनं सभेतच सगळ्या साहेबांना वाटले होते. सभापतींनाही दिला. "त्येंनी खाल्ला का गं?" आईनं विचारलं. "खाल्ला की! हात जोडलं मला आनि म्हणलं, बाई तुमी लई मोठ्या मनाच्या." उरलेले पेढे तिनं एसटीच्या कंडक्टरला, फाट्यावरच्या सायकलवाल्याला आणि दोन अनोळखी पाहुण्यांना दिले होते. मला मिळाला तो शेवटचा, चेपलेला, कागदाला चिकटलेला. मी तो कागदासकट चाटला.

त्यानंतर गावाला जे काही झालं, त्याला आनंद म्हणायला शब्द थोडा पडतो. आम्हांला वेडच लागलं होतं. सरपंच आबा स्वतः वस्तीत आले. कुणीतरी हलगी मागितली, पण हलगीवाला सुपारीला गेलेला. तेव्हा मोठे गुरुजी, जन्मभर जपून पाऊल टाकलेला माणूस, एकदम म्हणाले, "थांबा." जानव्याची किल्ली काढली आणि हिरवी पेटी उघडली! आतून आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला, मग ढोलकी आली, झांजा आल्या, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पृथ्वी. ढोलकी आबांच्या गळ्यात, झांजा आईच्या हातात, आणि पृथ्वी माझ्या डोक्यावर. मिरवणूक निघाली. पृथ्वी मध्येच दांड्यावर गरगर फिरायची आणि मागून गुरुजी ओरडायचे, "सांभाळ, मंगल, महासागराला पोचा पडेल!" नाना चालू शकत होते, नुसतं बसता येत नव्हतं, म्हणून मिरवणुकीत सगळ्यांत जास्त तेच नाचले.

पण खोली? ती होती समाजमंदिराची. आमच्या वस्तीनं रात्रंदिवस राबून बांधलेली, बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची छोटी मूर्ती असलेली. वस्तीतल्या थोरांनी हसत हसत ती देऊन टाकली, चुना आणला, आणि सगळ्यांनी मिळून भिंती अशा रंगवल्या की भिंतींपेक्षा माणसं पांढरी झाली. गावातली काही घरं अशी होती की त्यांची माणसं आमच्या समाजमंदिराच्या पायरीपर्यंत कधी आली नव्हती. त्यांची पोरं पहिल्याच दिवशी धावत आत शिरली, कारण आत पृथ्वी ठेवली होती आणि तिला फिरवायला मिळणार होतं. चपलांचा बाहेर एकच ढीग पडला. शाळा सुटल्यावर त्यांच्या आया उलट्यापालट्या चपला हातात घेऊन वस्तीत फिरू लागल्या, "आमच्या बाळ्याची कुठली गं?" करत. मग चहा झाला. चहा घेताना एकदोघींचे हात जरा अडखळले, पण नानी बोलत होती, आणि नानी बोलत असताना नको म्हणायला फट सापडायची नाही. आता वाटतं, ती पायरी भाषणांनी ओलांडली गेली नाही, चपलांनी ओलांडली गेली. मला त्याचा आजही फार आनंद होतो.

गुरुजी म्हणाले, "हुकूम हातात येईपर्यंत हजेरी घेता येणार नाही. हजेरीशिवाय बसा." आम्ही हजेरीशिवाय बसलो. कुणी नाव पुकारत नव्हतं, पण एकही पोर घरी राहत नव्हतं.

बारामतीच्या बाई तेव्हा प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्या परत आल्या, समाजमंदिराच्या दारात उभ्या राहिल्या, आम्हांला बघून हसल्या आणि मग हसता हसता थांबल्या. त्यांनी गुरुजींना बाहेर बोलावलं. मग दोघं मिळून आमच्या घरी आले. मी पाठोपाठ. नानी अंगणात शेंगा निवडत होती.

"नानी," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "जरा आठवून सांगा. सभेत साहेब नेमकं काय म्हणाले? वर्ग केला, की वर्ग केली?"

"केली," नानी लगेच म्हणाली. "पाचवी वर्ग केली आसं म्हणलं. म्या बाईमाणूस, माझ्याशी बोलत हुते म्हणून केली म्हणलं आसतील."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. असा मारला की टोपी मागं पडली. मग त्यांनी समजावलं. कचेरीच्या मराठीत एखादी गोष्ट इकडून तिकडं पाठवली की ती 'वर्ग केली' म्हणतात. पैसे वर्ग करतात, माणूस वर्ग करतात. आमच्या गावाची पाचवी, इथं खोली नाही म्हणून, कालव्यापलीकडच्या वरच्या वाडीला वर्ग केली होती. बाईंना बारामतीत कुणीतरी हेच सांगितलं होतं. म्हणजे पाचवी आली नव्हती. होती ती गेली होती. आणि नानी पाचवी गेल्याचे पेढे वाटून आली होती!

माझ्या डोळ्यांपुढं खुंटीला टांगलेलं दप्तर आलं. आईनं माझ्याकडं बघितलं, मग चुलीकडं. तिला बोलायची गरज नव्हती. तेवढ्यात एक चमत्कारिक आवाज आला. नानी हसत होती. आधी दबून, मग पदर तोंडाशी घेऊन, मग शेंगांच्या सुपावर आडवी होऊन. "आगं बया, म्हणून त्यो म्हणला मोठ्या मनाच्या! आपली पाचवी लोकाला दिली आनि वर पेढं चारलं!" बाईंना आवरेना, गुरुजींना आवरेना, घरात पालथे पडलेले नाना हसता हसता ओरडले, कारण हसण्यानंही ते दुखत होतं. मी रडत होते आणि हसतही होते, आणि कुठलं पाणी कशाचं ते मला आजवर कळलेलं नाही. मग नानी उठून बसली, डोळे पुसले आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, "पेढं त्येंनी खाल्लं हाईत. आता पाचवी द्यावीच लागंल."

पुढच्या सभेला ती मला घेऊन गेली. "जिच्यापायी भांडायचं, ती नको का संगं?" वाटेत तिनं मला काम दिलं. सभेत कचेरीची मराठी सुरू झाली आणि एखाद्या शब्दाला दोन तोंडं असल्यासारखं वाटलं, की मी तिला चिमटा काढायचा. नानाही आले, अर्धे बरे झालेले, संपूर्ण प्रवास एसटीत दांडा धरून उभे. सभागृहात सगळे बसले, नाना भिंतीला टेकून उभेच राहिले. साहेबांनी हजेरी सुरू केली.

"सौ. कलावती नामदेव."

"हज…" नाना सवयीनं म्हणाले.

"थांबा," नानी म्हणाली. "माझं मी सांगते." आणि उभी राहून, गावात म्हणते त्या आवाजात, "हजर!" खिडकीवरची कबुतरं उडाली. नाना ओशाळले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी त्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं.

मग सुरू झालं. 'सदर बाब', 'उपरोक्त', 'तहकूब'. मी चिमटे काढत सुटले. नानी दर चिमट्याला म्हणायची, "साहेब, ह्येचा अर्थ काय?" आणि साहेब सांगायचे. दोनचार शब्दांनंतर इतर गावांचे सदस्यही वाकून ऐकायला लागले, कारण त्यांनाही ते अर्थ माहीत नव्हते. शेवटी पाचवीचा विषय आला. साहेब म्हणाले, "ती मागच्या सभेत वर्ग केलेली आहे."

मी चिमटा काढला. गरज नव्हती.

"साहेब," नानी म्हणाली, "आमी कुणी शाळंत गेलो न्हाय. आमाला एकच वर्ग म्हाईत हाय, पोरं बसत्यात त्यो. तुमी म्हणला वर्ग केली. म्या पेढं वाटलं. सभापतीसाहेब, तुमी खाल्ला का न्हाय?"

सभापती चांगले आडदांड गृहस्थ होते. ते गोंधळून म्हणाले, "खाल्ला."

"ग्वाड हुता का?"

"होता."

"मग गेलेल्या पाचवीचं पेढं कोन वाटतं, साहेब? कुणी इचारलं का, बाई, कशाचं पेढं हायत? समद्यांनी खाल्लं. आता आमच्या गावात पोरं बसली हायत, खोली हाय, भितीला चुना हाय, पृथ्वी सुदिक हाय. ही बगा आमची पाचवी." असं म्हणून तिनं मला दंडाला धरून उभं केलं. एवढ्या माणसांपुढं काय म्हणावं मला सुचेना, म्हणून मी तपासणीला म्हणायचो तसा एकोणतीसचा पाढा सुरू केला. तो संपेपर्यंत सभागृह हसत होतं. सभापती हसत होते, कलपाच्या मिशीचे साहेब हसत होते, हजेरी घेणारे तर रुमाल डोळ्यांना लावून बसले होते.

हसू ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, "मग वरच्या वाडीच्या पोरांनी काय करायचं?" प्रश्न खरा होता. नानीनं मला खाली बसवलं. "त्येंची काढून घ्या आसं म्या कवा म्हणलं? त्येंच्यातबी एक मंगल आसंलच की." सभापतींनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "घ्या ठराव. दोन्हीकडं पाचवी. पाठवा पुण्याला. आणि साहेब, यापुढं सभेत 'वर्ग केली' म्हणायचं नाही. 'पाठवली' म्हणा."

पुण्याहून मंजुरी यायला वेळ लागला. मध्यंतरी आम्ही तसेच बसत राहिलो. आईनं माझं दप्तर परत खुंटीला लावलं नाही, पण दर सभेनंतर ती नानीच्या तोंडाकडं बघायची आणि मी आईच्या. पाचवीमागोमाग सहावी-सातवीही आल्या, आणि समाजमंदिरातली आमची 'तात्पुरती' सोय मी सातवी होऊन बाहेर पडले तरी तात्पुरतीच होती. मी पुढं याच शिक्षणखात्यात नोकरीला आले. आज माझ्या फोनवर हुकूम येतात, त्यांत हटकून एखादा 'वर्ग करण्यात येत आहे' असतो. तेवढा एकच सरकारी शब्द आहे, जो वाचून माझ्या तोंडाला पेढ्याची चव येते.

मंजुरी आली त्या सकाळी मोठे गुरुजी इस्त्रीचं धोतर नेसून समाजमंदिरात आले. पाचवीची पहिली हजेरी होती. दारात निम्मं गाव गोळा झालेलं, सगळ्यांच्या पुढं नानी. गुरुजींनी खाकरून नावं पुकारायला सुरुवात केली. पोरं इतकी फुलली होती की 'हजर' म्हणताना कुणी उडी मारत होतं, कुणी सलाम ठोकत होतं. माझ्या पोटात तर हसण्याचे नुसते बुडबुडे फुटत होते. गुरुजी म्हणाले, "मंगल ज्ञानदेव." मी उभी राहिले आणि मला हसू इतकं लोटलं की तोंडातून शब्दच फुटेना. गुरुजी थांबले. पुन्हा म्हणाले, "मंगल ज्ञानदेव?"

"हजर!" दारातून आवाज आला. नानीला दम निघाला नव्हता. सगळा वर्ग खिदळला.

मी मागं वळून बघितलं. तिचे डोळे पाण्यानं भरले होते आणि तोंडभर हसू होतं.

"नानी, थांब," मी म्हणाले. "माझं मी सांगते."

मग गुरुजींकडं वळले आणि तिच्याच आवाजात म्हणाले, "हजर."